घरची जमीन, आपल्या हातची

दसरा झाला, पाऊस उघडला की कोकणात घरोघरी अंगणाची जमीन नव्याने करण्याची धांदल उडते. शेवाळलेला वरचा थर खरवडायचा, नवी माती पसरायची, पाणी मारून ती मुरू द्यायची, धुमसाने ठोकायची, चोपण्याने चोपायची आणि अखेरीस शेणाने सारवायची. या कामाला गवंडी कोणी बोलावीत नाही. घरातली माणसेच ते करतात. आणि माती कितपत मुरली, चोपायला नेमके केव्हा घ्यायचे, हे घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईलाच कळते. घाई केली तर जमीन पुढे भेगाळते, हे तिला कोणत्या पुस्तकाने सांगितलेले नसते.

शहरातल्या घरांना शहाबादी फरशी आली, मागाहून मोझॅक आले, आता गुळगुळीत टाइल्स आल्या आणि जमीन ही कंत्राटदाराची बाब होऊन बसली. पायाखाली काय आहे आणि ते कसे बसवले आहे, याचा विचार आपण एखादी टाइल पोकळ वाजू लागेपर्यंत करीत नाही. अशा वेळी न्यू जर्सीला किंवा शिकागोकडे स्थायिक झालेला मुलगा दिवाळीच्या फोनवर सांगतो, "आई, या सुट्टीत आम्ही दोघांनी मिळून हॉलची लाकडी जमीन बसवली." इकडे क्षणभर शांतता. मग ठरलेला प्रश्न: "अरे, तिकडे सुतार मिळत नाहीत का?"

सुतार मिळतात. परंतु तिकडे त्यांची मजुरी पुष्कळदा लाकडाच्या किमतीच्या बरोबरीला येते, कधी तिच्याही पुढे जाते. शिवाय खिळे मारण्याचे यंत्र, जमीन घासण्याचे यंत्र ही अवजारे दिवसाच्या भाड्याने मिळतात. तेव्हा चार पैसे वाचविण्यासाठी मध्यमवर्गी गृहस्थ कंबर कसतो आणि गुडघ्यांना गाद्या बांधून कामाला लागतो, यात नवल नाही. नवल वेगळेच आहे. या कामात जे फसतात ते हातोडी चालवता न आल्यामुळे फसत नाहीत. लाकडाला वेळ आणि जागा न दिल्यामुळे फसतात. ते कसे, हे समजावून घेण्यासारखे आहे.

ओक नावाचे झाड

ओक हे आपल्याकडे आडनाव. अमेरिकेच्या पूर्व भागात ते रानोमाळ वाढणारे झाड. तिकडची बहुतेक घरे लाकडी सांगाड्याची असतात. खाली तुळया, तुळयांवर प्लायवुडचे तक्ते आणि त्यांवर वापरायची जमीन. या जमिनीसाठी तांबडा ओक, पांढरा ओक आणि मेपल ही लाकडे विशेष चालतात. नेहमीची पट्टी पाऊण इंच जाड आणि सव्वादोन इंच रुंद असते. तिच्या एका कडेला जीभ आणि दुसऱ्या कडेला खाच. एकीची जीभ दुसरीच्या खाचेत बसली की सांधा पक्का होतो. पूर्वी सुतार ही जीभ-खाच रंध्याने हातांनी काढीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यंत्रे ती काढू लागली आणि लाकडी जमीन सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. पुढे गालिचांची लाट आली, तेव्हा अनेक घरांतला चांगला ओक त्यांच्याखाली झाकला गेला. जुने घर घेतलेल्या माणसाला गालिचा उचलल्यावर कधीकधी फुकटात ओकची जमीन सापडते, ती अशी.

लाकडाचा कठीणपणा मोजण्याची एक रीत गॅब्रिएल जांका या संशोधकाने १९०६ साली सुचविली. पोलादाची ठराविक आकाराची गोळी लाकडात निम्मी रुतविण्यास किती पौंडांचा जोर लागतो, ते पाहायचे. तांबड्या ओकला १२९० पौंड लागतात, कठीण मेपलला १४५०. म्हणून बास्केटबॉलची मैदाने मेपलची करतात. आपला साग या परीक्षेत ओकच्या मागे पडतो. सागाची थोरवी दुसऱ्या गुणात आहे. ती पुढे येईलच.

लाकूड पाणी पिते

झाड तोडले, चिरले, भट्टीत सुकवले, तरी लाकडाचा हवेशी व्यवहार संपत नाही. हवा दमट झाली की ते ओल शोषून घेते आणि फुगते. हवा कोरडी झाली की ओल सोडते आणि आक्रसते. याचे आकडे ठरलेले आहेत. नेहमीच्या खोलीच्या तापमानाला हवेतील आर्द्रता ३० टक्के असेल, तर लाकडातील ओल कालांतराने ६ टक्क्यांच्या आसपास स्थिरावते. ५० टक्के आर्द्रतेला ९, आणि ८० टक्क्यांना जवळजवळ १६. लाकूड लांबीत जवळपास वाढत नाही. वाढते ते रुंदीत.

आता अमेरिकेच्या उत्तरेकडील घराचा विचार करा. हिवाळ्यात बाहेर बर्फ आणि आत तापलेली, कोरडी ठणठणीत हवा. उन्हाळ्यात दमट उकाडा. लाकडातील ओल वर्षभरात चार टक्क्यांनी सहज वरखाली होते. सव्वादोन इंची तांबड्या ओकच्या पट्टीत तेवढ्याने सुमारे ०.८ मिलिमीटरचा फरक पडतो. वाचणाऱ्याला वाटेल, हे काय मोठेसे! परंतु खोली बारा फूट रुंद असेल तर सगळ्या पट्ट्यांचा मिळून हिशेब दोन इंचांच्या वर जातो. खिळ्यांनी जखडल्यामुळे प्रत्यक्षात जमीन इतकी हलत नाही हे खरे. पण जोर तेवढाच लागलेला असतो. ओले लाकूड बसवले तर हिवाळ्यात पट्ट्यांमध्ये नाणे उभे राहील अशा फटी पडतात. अगदी कोरडे लाकूड भिंतीला खेटून बसवले तर पहिल्याच दमट उन्हाळ्यात ते फुगते आणि जायला जागा नसल्यामुळे खिळ्यांसकट वर उचलले जाते. महिन्याच्या कष्टावर आणि वर्षाच्या बचतीवर पाणी पडते, ते अक्षरशः हवेतल्या पाण्याने.

म्हणून या कामातले सर्वांत मोलाचे अवजार हातोडी नव्हे, ओल मोजण्याचे छोटे यंत्र होय. त्याच्या दोन सुया लाकडात टोचल्या की आकडा दिसतो. पट्ट्या आणि खालचे प्लायवुड यांच्या ओलीत चार टक्क्यांहून अधिक तफावत नसावी. पट्ट्या तीन इंच किंवा अधिक रुंद असतील तर दोन टक्क्यांहून अधिक नसावी. गठ्ठे आठ दिवस खोलीत ठेवले म्हणजे लाकूड घराला रुळते, ही समजूत अर्धवट आहे. खोलीत गिलावा नुकताच झालेला असेल, रंग ओला असेल, तर आठ दिवसांत चांगले सुकलेले लाकूड उलट ओल पिऊन बसते. आधी घर नेहमीच्या राहणीचे झाले पाहिजे, मग लाकूड आत यावे, आणि दिवस मोजण्यापेक्षा आकडा पाहावा.

आधी तळ पाहावा

नव्या जमिनीची सगळी भिस्त तिच्या तळावर. जुना गालिचा निघाला की तळावर चालून पाहावे. जिथे करकर वाजेल तिथे प्लायवुड तुळईला स्क्रूने आवळावे. वर एकदा ओक बसला की ती करकर जन्माची सोबतीण होते. मग लांब, सरळ पट्टी तळावर सगळ्या दिशांनी ठेवून पाहावी. दहा फुटांत सुमारे पाच मिलिमीटरपर्यंतचा उंचसखलपणा चालतो; त्याहून अधिक असेल तर उंचवटा घासावा, खळगा भरावा.

इथेच एक धोक्याची सूचना दिली पाहिजे. अमेरिकेत घरगुती रंगांतील शिशावर १९७८ साली बंदी आली. त्याआधीच्या घरांतील जुन्या रंगात शिसे असू शकते. तो रंग घासला तर त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. तसेच विसाव्या शतकाच्या मध्यावर बांधलेल्या घरांतून नऊ इंची चौकोनी टाइल्स आणि त्यांखालचा काळा डिंक आढळतो. त्यांत पुष्कळदा अ‍ॅस्बेस्टॉस असते. ते जागच्या जागी असेपर्यंत फारसे बाधत नाही. फोडले, घासले की त्याचे तंतू हवेत उडून फुप्फुसात जातात. अशा ठिकाणी स्वावलंबनाचा हट्ट धरू नये. आधी नमुना तपासून घ्यावा आणि ते काम जाणकारांवर सोपवावे. तळघरातही भरीव लाकूड बसवू नये. भोवतालच्या जमिनीची ओल तिथे कायमची वस्तीला असते.

त्रेसष्ट ओळींचा हिशेब

तळ सिद्ध झाला, लाकूड रुळले. आता खिळा मारायचा का? अजून नाही. आधी कागद आणि पेन्सिल.

समजा, खोली बारा फूट बाय पंधरा फूट आहे. क्षेत्रफळ १८० चौरस फूट. कापाकापीत वाया जाणारे आणि गाठीचे, वाकडे निघणारे लाकूड धरून दहा टक्के अधिक घ्यावे; म्हणजे सुमारे २०० चौरस फूट. पट्ट्या तुळयांना आडव्या, काटकोनात बसवायच्या. तुळया पंधरा फुटांच्या भिंतीला काटकोनात असतील तर पट्ट्या त्या भिंतीला समांतर येतील. आता ओळी मोजा. बारा फूट म्हणजे १४४ इंच. दोन्ही भिंतींशी पाऊण-पाऊण इंच जागा फुगण्यासाठी सोडायची. उरले साडेएकशेबेचाळीस इंच. त्याला सव्वादोनने भागले तर ६३ ओळी बसतात आणि पाऊण इंच उरतो. ही पाऊण इंची चिंधी शेवटच्या भिंतीशी आली तर ती बसवताना फुटते आणि दिसतेही वाईट. म्हणून पहिली पट्टी दीड इंच कापून घ्यावी, मधल्या बासष्ट ओळी पूर्ण येतात, आणि शेवटची पट्टीही दीड इंचाची मिळते. दोन्ही भिंती सारख्या दिसतात. पाच मिनिटांच्या या त्रैराशिकाने शेवटच्या दिवसाची रडकुंडी टळते.

दुसरी गोष्ट, भिंतीवर विश्वास ठेवू नये. कोणत्याही घराची भिंत सरळ नसते. मग ते घर पुण्यातले असो की पेनसिल्व्हेनियातले. भिंतीपासून मापे घेऊन तळावर खडूचे सूत मारावे आणि पहिली ओळ त्या सुताला लावावी. पहिली ओळ केसभर वाकली तर त्रेसष्टाव्या ओळीपर्यंत ती खोड जाते.

जीभ आणि खाच

तळावर जाड कागद अंथरावा. मग चार-पाच गठ्ठे एकदम सोडून पट्ट्या आठ-दहा ओळींत नुसत्या मांडून पाहाव्यात. लाकडात फिकट-गडद छटा असतात; एकाच गठ्ठ्यातल्या पट्ट्या सलग लावल्या तर जमिनीला ठिगळ लावल्यासारखे दिसते. शेजारच्या ओळींतील टोकांचे सांधे एकमेकांपासून निदान सहा इंच दूर असावेत. ते जिन्याच्या पायऱ्यांसारखे एका चालीनेही पडू नयेत. हे मांडणीचे काम बायकोने आणि ठोकण्याचे काम नवऱ्याने, अशी वाटणी पुष्कळ घरांत होते असे ऐकतो. उलट झाली तरी जमिनीला काही कळत नाही.

पहिल्या ओळीची खाच भिंतीकडे आणि जीभ खोलीकडे ठेवावी. या ओळीला भिंतीच्या कडेला वरून खिळे मारतात. पुढे कडपट्टीखाली ते झाकले जातात. नंतरच्या ओळींना मात्र खिळा जिभेतून तिरका, पंचेचाळीस अंशांत जातो, आणि पुढची पट्टी त्याला झाकून टाकते. म्हणून चांगल्या लाकडी जमिनीवर खिळा दिसत नाही. दर आठ ते दहा इंचांवर एक खिळा आणि प्रत्येक पट्टीला निदान दोन, हा नियम. आपल्या बारा-पंधराच्या खोलीला बाराशेच्या वर खिळे लागतात. भाड्याचे यंत्र पट्टीच्या कडेवर टेकवायचे आणि वर रबरी हातोडा हाणायचा. पट्टी आवळली जाते आणि खिळाही बसतो. पहिल्या दिवशी हाताला ठेका सापडत नाही, दुसऱ्या दिवशी सापडतो, तिसऱ्या दिवशी कंबर हिशेब मागते.

दाराशी आले की पट्टी चौकटीच्या आकाराची कापत बसू नये. चौकटीचाच पाय पट्टीच्या जाडीइतका करवतीने कापून पट्टी त्याखाली सरकवावी. शेवटच्या दोन-तीन ओळींत यंत्राला जागा उरत नाही. त्या पहारीने ओढून वरून खिळ्यांनी बसवाव्या लागतात. भिंतीशी सोडलेली पाऊण इंची फट पाहून घरी आलेले पाहुणे हमखास म्हणतात, "इथे चुकलं वाटतं!" तिच्यात काही भरू नये. कडपट्टी भिंतीला खिळवावी, जमिनीला नव्हे, म्हणजे फट झाकली जाते आणि खालचे लाकूड मोकळे राहते. सबंध जमिनीचे आयुष्य त्या न दिसणाऱ्या पाऊण इंचावर अवलंबून आहे.

चिंध्यांची आग

पॉलिश केलेल्या तयार पट्ट्या मिळतात. कच्च्या पट्ट्या मात्र बसवल्यावर घासून त्यांवर पॉलिश चढवावे लागते. घासण्याचे मोठे यंत्र अंगात जोर असलेल्या बैलासारखे असते. एका जागी क्षणभर थांबले तर तिथे खळगा पाडते. ते चालू असताना चालतच राहावे, आणि आधी जाडा, मग मध्यम, मग बारीक असा घासकागद क्रमाने लावावा. नाका-तोंडावर चांगला मास्क हवाच. लाकडाचा भुसा कर्करोगकारक आहे, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली नोंदविले आहे.

त्याहून कमी लोकांना ठाऊक असलेला धोका चिंध्यांचा. जवसाचे तेल किंवा तेलाचा रंग पुसलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकली तर तेल सुकताना ऊष्णता निर्माण होते. ती ढिगाऱ्यात कोंडते आणि काडी न लावता फडकी पेट घेतात. काम आटोपून माणसे जेवायला गेली आणि मागे घर पेटले, असे प्रसंग घडलेले आहेत. अशी फडकी बाहेर मोकळ्यावर एकेक पसरून वाळवावीत, किंवा पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकावीत.

आपल्याकडे करायचे झाल्यास

लाकडी जमीन आपल्याला परकी नाही. जुन्या वाड्यांच्या माड्या सागवानी तुळया आणि तक्तपोशी यांवरच उभ्या होत्या. पुण्याचा १८०७ सालचा विश्रामबागवाडा सागाच्या कामासाठी आजही पाहण्यासारखा आहे. शनिवारवाड्याच्या आतले लाकडी वैभव मात्र १८२८ च्या आगीत गेले. सागाची थोरवी म्हणून सांगितली ती ही: ओल्या लाकडापासून पूर्ण सुकेपर्यंत वर्षवलयांच्या दिशेने तांबडा ओक ८.६ टक्के आक्रसतो, साग ५.८ टक्केच. अंगातल्या तेलामुळे वाळवीही त्याच्या वाटेला सहसा जात नाही. आपल्या जुन्या सुतारांनी साग निवडला तो हा स्वभाव ओळखून.

आजच्या ब्लॉकमध्ये तळ असतो सिमेंट काँक्रीटचा. त्यात खिळा जात नाही आणि त्याची ओल लवकर हटत नाही. नवा थर इंचाला एक महिना या ढोबळ हिशेबाने वाळतो. हातभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटवून रात्रभर ठेवावा. सकाळी आतून दव दिसले तर तळ ओला आहे, हे नक्की. दव दिसले नाही तरी यंत्राने मोजून खात्री करावी. मुंबईत पावसाळ्यात आर्द्रता कितीतरी दिवस ८० टक्क्यांच्या वर असते. पुण्याकडे एप्रिलच्या दुपारी ती त्याच्या निम्म्याहूनही खाली येते. भारतीय मानक क्रमांक २८७ मध्ये हवेच्या दमटपणानुसार देशाचे चार विभाग पाडून कुठे लाकूड किती सुके असावे ते सांगितले आहे, ते याच कारणाने.

अशा हवेत हौशी माणसाने काँक्रीटवर भरीव लाकडाच्या मागे न लागता थराथरांची पट्टी घ्यावी. तिच्यात वर खऱ्या लाकडाचा थर आणि खाली आडवे-उभे चिकटवलेले थर असतात, त्यामुळे ती कमी हलते. आणि ती न खिळता, नुसती एकमेकींत अडकवून बसवता येते. भिंतीशी फट इथेही सोडावीच लागते. दुकानात 'वुडन फ्लोअरिंग' या नावाने लॅमिनेटही विकतात. त्याच्या वरच्या अंगाला लाकडाचे छापील चित्र असते. स्वस्त आहे, पुसायला सोपे आहे. पण एकदा झिजले की घासून पुन्हा नवे करता येत नाही. घेताना हा फरक विचारून घ्यावा.

शेवटचा गठ्ठा

पाऊण इंची ओकच्या जमिनीत जिभेच्या वर जवळजवळ पाव इंच लाकूड असते. ती झिजली की घासून पुन्हा पॉलिश करता येते, आणि असे अनेकदा करता येते. शंभर वर्षांपूर्वीच्या घरांत मूळचा ओक अजून पायांखाली आहे. तेव्हा आपण बसवलेल्या जमिनीवर ज्यांचे पाय वागतील, त्यांतले पुष्कळसे अजून जन्मालाही आलेले नसतील.

आईच्या प्रश्नाचे उत्तर इथेच द्यायला हवे. आपल्याकडे सुतारकाम सुताराचे, गवंडीकाम गवंड्याचे, अशी वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. आणि हाताने काम करणारा तो खालचा, असा एक नकळत समज तिच्याबरोबर चालत आला. ज्याने एकदा स्वतः खडूचे सूत मारले, ओल मोजली, एका पट्टीसाठी चौकटीचा पाय कापला, त्याचा हा समज टिकत नाही. सुतार सकाळभर नुसता गुण्या लावतो, मापे घेतो, लाकूड उलटेपालटे करून पाहतो आणि एकही खिळा मारीत नाही, तेव्हा आपण घड्याळाकडे पाहू लागतो. तो वेळकाढूपणा नव्हता, हे त्या माणसाला आता कळलेले असते. मजुरीचे पैसे मोजताना तो घासाघीस करीत नाही.

काम संपल्यावर एक करावे. उरलेल्या पट्ट्यांचा एक गठ्ठा फेकून न देता कपाटात कोरड्या जागी ठेवावा, म्हणजे पुढे एखादी पट्टी बदलावी लागली तर तीच छटा हाताशी राहील. त्याच गठ्ठ्याला एक कागद बांधावा. त्यावर लाकडाची जात, बसवल्याची तारीख, त्या दिवशी मोजलेली पट्टीची आणि तळाची ओल, पॉलिश कोणते वापरले ते, आणि तुळया कोणत्या दिशेने आहेत, एवढे लिहावे. वीस-पंचवीस वर्षांनी जो कोणी गुडघ्यांना गाद्या बांधून त्या जमिनीवर बसेल, त्याला यातली प्रत्येक ओळ उपयोगी पडेल.